बेनझीर भुट्टो : वारशाने मिळालेली मते आणि हाती न आलेली सत्ता

सिंध प्रांतातील लारकाना शहराजवळ गढी खुदाबक्ष नावाचे एक गाव आहे. तिथे पांढऱ्या घुमटांची एक मोठी वास्तू आहे आणि तिच्या आत भुट्टो कुटुंबाच्या कबरी आहेत. पाकिस्तानचे माजी पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांना १९७९ मध्ये फाशी झाली, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. धाकटा मुलगा शाहनवाज १९८५ मध्ये फ्रान्समध्ये विषबाधेने गेला, तो २६ वर्षांचा होता. थोरला मुलगा मुर्तझा १९९६ मध्ये कराचीत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, वयाची ४२ वर्षे पूर्ण करून त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. दोनदा पंतप्रधान झालेली मुलगी बेनझीर २००७ मध्ये रावळपिंडीत मारल्या गेल्या, त्यांचे वय ५४ होते. चौघांपैकी एकालाही साठी गाठता आली नाही. बेनझीर भुट्टो यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी या कबरी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात, कारण त्यांना वडिलांकडून जो वारसा मिळाला तो सत्तेचा नव्हता, एका फाशीचा होता. त्या वारशाने त्यांना मते मिळवून दिली. मात्र मते मिळणे आणि राज्य करायला मिळणे या पाकिस्तानात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंमधले अंतर हाच त्यांच्या तीस वर्षांच्या राजकारणाचा गाभा आहे.

या घराण्याची सुरुवात मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. बेनझीर यांचे आजोबा सर शाहनवाज भुट्टो हे लारकान्याचे मोठे जमीनदार. सिंधमध्ये अशा जमीनदाराला ‘वडेरा’ म्हणतात आणि त्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला ‘हारी’. हे वडेरा मुंबईच्या कायदेमंडळात बसले, मुंबई सरकारात मंत्री झाले आणि सिंध मुंबईपासून वेगळा व्हावा यासाठी त्यांनी गोलमेज परिषदेपर्यंत खटपट केली. सिंध वेगळा झाला आणि तिथल्या पहिल्याच निवडणुकीत, १९३७ साली, लारकान्यातच ते पडले. त्यानंतर ते मुंबईला परतले. १९४७ मध्ये ते जुनागढ संस्थानचे दिवाण होते, आणि नबाबाने पाकिस्तानात पळ काढल्यावर संस्थानचा कारभार भारताने हाती घ्यावा, असे कळवण्याची वेळ त्यांच्यावरच आली. झुल्फिकार यांचे शालेय शिक्षण मुंबईतल्या कॅथेड्रल शाळेत झाले, ते याच काळात.

झुल्फिकार पुढे अमेरिकेत बर्कलीला आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९५८ मध्ये, वयाच्या तिशीत, थेट लष्करी राजवटीचे मंत्री झाले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण लोकशाहीचे घराणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भुट्टोंचा सत्तेतला प्रवेश फील्डमार्शल अयुबखान यांच्या दारातून झाला. १९६५ च्या युद्धानंतर झालेल्या ताश्कंद करारावरून दोघांत बिनसले, १९६६ मध्ये झुल्फिकार बाहेर पडले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी लाहोरमध्ये त्यांनी पाकिस्तान पीपल्स पार्टी स्थापन केली. ‘रोटी, कपडा और मकान’ ही त्यांची घोषणा. एका वडेऱ्याने हारींच्या आणि गिरणी कामगारांच्या नावाने पक्ष काढावा, यात विसंगती होती खरी, पण लोकांनी ती मनावर घेतली नाही. १९७० च्या निवडणुकीत पश्चिम पाकिस्तानातल्या १३८ पैकी ८१ जागा या पक्षाने जिंकल्या. बांगलादेश वेगळा झाल्यावर, डिसेंबर १९७१ मध्ये, उरलेल्या पाकिस्तानची सूत्रे झुल्फिकार यांच्याकडे आली. १९७३ ची राज्यघटना त्यांच्याच काळातली. विरोधकांना तुरुंगात टाकणे आणि बलुचिस्तानात लष्कर घालणे हेही त्यांच्याच काळातले. ५ जुलै १९७७ रोजी, त्यांनीच वरिष्ठांना डावलून नेमलेल्या जनरल झिया उल हक यांनी त्यांना पदच्युत केले.

बेनझीर त्याच महिन्यात राजकारणात आल्या, असे म्हणायला हरकत नाही. तोवर त्या विद्यार्थिनी होत्या. हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड इथे शिकून, १९७७ च्या आरंभी ऑक्सफर्ड युनियन या प्रसिद्ध वादसभेचे अध्यक्षपद सांभाळून, त्या परराष्ट्र खात्यात नोकरी करण्याच्या विचाराने मायदेशी परतल्या होत्या. वडिलांबरोबर १९७२ मध्ये त्या सिमल्याला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी नुकतीच एकोणीस वर्षे पूर्ण केली होती. १९७७ मध्ये त्या मायदेशी परतल्यानंतर काही दिवसांतच लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर झुल्फिकार यांच्यावर खटला चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी फाशी कायम केली. ३ एप्रिल १९७९ रोजी आई नुसरत आणि बेनझीर यांना रावळपिंडीच्या तुरुंगात शेवटच्या भेटीसाठी नेण्यात आले. कोठडीचे दार उघडून बापाला एकदा मिठी मारू द्यावी, एवढी साधी विनंतीही मान्य झाली नाही. गजांच्या अलीकडून आणि पलीकडून ती भेट झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे फाशी झाली आणि दफन उरकेपर्यंत या मायलेकींना सिहालाच्या छावणीत अडकवून ठेवण्यात आले.

पुढची पाच वर्षे नजरकैद आणि तुरुंग यांत गेली. १९८१ चा उन्हाळा त्यांनी सक्करच्या तुरुंगात एकांतवासात काढला. सक्करचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि कोठडीच्या चारही बाजूंना नुसते गज. कानाचे दुखणे विकोपाला गेल्यावर जानेवारी १९८४ मध्ये त्यांना उपचारांसाठी परदेशी जाऊ देण्यात आले. याच काळात दोन्ही भावांनी वेगळी वाट धरली होती. त्यांनी ‘अल झुल्फिकार’ नावाची सशस्त्र संघटना काढली आणि १९८१ मध्ये पाकिस्तानी विमानाच्या अपहरणाशी तिचे नाव जोडले गेले. बहिणीने निवडणुकीचा मार्ग निवडला आणि तो सोडला नाही. घराण्याचा वारसा कोणाकडे जाईल याचा निर्णय खरे तर इथेच झाला. मुलगे परागंदा झाले आणि मुलगी तुरुंगात राहिली. लोकांच्या नजरेत जी तुरुंगात राहिली, तीच वारस ठरली. १० एप्रिल १९८६ रोजी त्या लाहोरला उतरल्या, तेव्हा विमानतळापासून सभेच्या जागेपर्यंतचे काही मैलांचे अंतर कापायला त्यांच्या ट्रकला अख्खा दिवस लागला, इतकी गर्दी रस्त्यावर होती.

पाकिस्तानात अविवाहित तरुण स्त्रीने परपुरुषांच्या घोळक्यात राजकारण करणे अवघड असल्यामुळे, डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाशी, आसिफ अली झरदारी यांच्याशी, लग्न केले. आडनाव मात्र बदलले नाही. लग्नाचा जाहीर सोहळा कराचीच्या ल्यारी या कामगार वस्तीतल्या मैदानात झाला आणि पहिला मुलगा बिलावल जन्मला तोही ल्यारीतल्याच लेडी डफरिन रुग्णालयात. ते वर्ष होते १९८८. बेनझीर गरोदर असल्याची बातमी कळल्यावर प्रचार करता येऊ नये अशा बेताने निवडणुकीची तारीख ठरवली गेली, असे त्यांनी नंतर अनेकदा सांगितले. प्रसूतीची खरी तारीख त्यांनी गुप्त ठेवली होती. बाळ २१ सप्टेंबरला झाले आणि मतदान १६ नोव्हेंबरला. त्याआधीच, १७ ऑगस्टला, बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया मरण पावले होते.

निवडणुकीतही अडथळे होतेच. पक्षाचे जुने चिन्ह तलवार होते. ते झियांच्या काळात यादीतूनच काढून टाकले गेले, म्हणून पक्षाने बाण घेतला. मतदानासाठी राष्ट्रीय ओळखपत्र सक्तीचे करण्यात आले, आणि खेड्यातल्या गरीब मतदारांकडे, विशेषतः बायकांकडे, ते फारसे नव्हते. तरीही २०७ जागांपैकी ९० हून अधिक जागा पीपल्स पार्टीला मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही.

आता खरी गुंतागुंत सुरू होते. निवडणूक झाल्यावर शपथविधीला जवळजवळ सव्वादोन आठवडे लागले, आणि ते वाटाघाटींत गेले. बेनझीर यांनी पंतप्रधान व्हायचे असेल तर गुलाम इसहाक खान यांना राष्ट्राध्यक्ष मानावे, झियांच्या काळातले परराष्ट्रमंत्री साहबजादा याकूब खान यांनाच त्या पदावर ठेवावे, आणि लष्कर, अफगाणिस्तान व अणुकार्यक्रम यांत फार हात घालू नये, अशा अटींचा तो सौदा होता. २ डिसेंबर १९८८ रोजी त्या शपथ घेऊन मुस्लिमबहुल देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या आणि अर्धी सत्ता आधीच देऊन बसल्या होत्या. हा सौदा स्वीकारायला नको होता, असे त्यांच्या पक्षातले अनेक जुने कार्यकर्ते म्हणत. मला वाटते, अकरा वर्षे फटके, तुरुंग आणि फाशी पाहिलेल्या पक्षाला विरोधात बसा असे सांगणे तेव्हा कोणालाच जमले नसते.

सत्तेची ही रचना नीट कळावी म्हणून एक कलम समजून घेणे आवश्यक आहे. झियांनी १९८५ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ५८(२)(ब) घातले. त्यानुसार राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या मताने संसद बरखास्त करता येत असे, आणि संसद गेली की पंतप्रधानही जात असे. १९८८ ते १९९६ या आठ वर्षांत हे कलम चार वेळा वापरले गेले : एकदा मुहम्मद खान जुनेजो यांच्यावर, एकदा नवाझ शरीफ यांच्यावर आणि दोनदा बेनझीर यांच्यावर. तिथल्या पत्रकारांनी या व्यवस्थेला ‘ट्रोइका’ असे नाव दिले होते. राष्ट्राध्यक्ष, लष्करप्रमुख आणि पंतप्रधान अशा या तीन खांबांपैकी निवडून आलेला खांब एकच असे, आणि तोच सर्वांत तकलादू.

पहिल्या कारकिर्दीत राजकीय कैदी सुटले, विद्यार्थी संघटनांवरची बंदी उठली आणि वृत्तपत्रांना मोकळा श्वास घेता आला. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी इस्लामाबादला गेले आणि एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, ती प्रथा याच करारातून आली. त्यानंतर वर्षभरात काश्मीर पेटले आणि बेनझीर यांची भाषा पूर्ण बदलली. १९९० मधली त्यांची काश्मीरविषयक चिथावणीखोर भाषणे भारतीय वाचक विसरू शकत नाही आणि विसरूही नयेत. लष्कराच्या धोरणावर पंतप्रधानाचा ताबा नव्हता हे खरे, परंतु त्या धोरणाला आवाज त्यांनी स्वतःहून दिला.

देशात पंजाब प्रांत मुख्यमंत्री नवाझ शरीफ यांच्या हाती होता आणि तो त्यांना जुमानत नव्हता. नोव्हेंबर १९८९ मध्ये अविश्वास ठराव आला. दोन्ही बाजूंनी आपापले खासदार थंड हवेच्या ठिकाणी पहाऱ्यात नेऊन ठेवले, एकाने स्वातला आणि दुसऱ्याने मरीला; पक्ष बदलणाऱ्याला पाकिस्तानात ‘लोटा’ म्हणतात आणि त्या दिवसांत हा शब्द घरोघरी पोहोचला. ठराव १२ मतांनी फसला. जानेवारी १९९० मध्ये त्यांना मुलगी झाली. पदावर असताना मूल होणाऱ्या त्या आधुनिक काळातल्या पहिल्या शासनप्रमुख. फारसा बोभाटा न करता त्या रुग्णालयात गेल्या आणि लगेच कामावर परतल्या, कारण विरोधक पंतप्रधानाला बाळंतपणाची रजा नसते असे बोलू लागले होते. ६ ऑगस्ट १९९० रोजी, जगाचे लक्ष कुवेतकडे असताना, गुलाम इसहाक खान यांनी त्यांचे सरकार बरखास्त केले. आरोप भ्रष्टाचाराचा होता. त्यानंतरच्या निवडणुकीत विरोधकांना गुप्तचर यंत्रणेमार्फत पैसे वाटले गेले होते, असा निष्कर्ष पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काढला. तोवर बेनझीर यांना जाऊन पाच वर्षे होत आली होती.

दुसरी कारकीर्द ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरू झाली. या वेळी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदी स्वतःच्या पक्षातला विश्वासू माणूस बसवला, डेरा गाझी खानचे जमीनदार फारूक लेघारी. त्यामुळे आता ५८(२)(ब) ची भीती नाही, असा हिशेब होता. या काळात केलेले एक काम मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठे वाटते. १९९४ मध्ये ‘लेडी हेल्थ वर्कर’ योजना सुरू झाली. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे आणि तिच्याकडे आसपासच्या घरांचे लसीकरण, बाळंतपण व कुटुंबनियोजन सोपवायचे. आपल्याकडच्या आशा सेविकेची कल्पना ज्यांना आहे त्यांना हे लगेच कळेल. तिथे ते दशकभर आधी झाले. त्याच वर्षी पोलिओ मोहिमेच्या आरंभी त्यांनी स्वतःच्या धाकट्या मुलीला, आसिफाला, सर्वांसमोर डोस पाजला. हुदूद कायदे मात्र त्यांनी दोन्ही वेळा रद्द केले नाहीत. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईलाच व्यभिचाराच्या गुन्ह्यात अडकवणारे ते कायदे हटवण्याइतके बहुमत नव्हते, हे त्यांचे उत्तर खरे होते आणि अपुरेही होते. १९९६ मध्ये काबूल घेणाऱ्या तालिबानला त्यांच्याच सरकारने हात दिला होता, हेही नमूद केले पाहिजे.

घर मात्र घरातूनच फुटत होते. १९९३ मध्ये मुर्तझा परतला आणि वडिलांचा पक्ष मुलाचा, असा दावा त्याने केला. आई नुसरत मुलाच्या बाजूने बोलू लागल्या, तेव्हा बेनझीर यांनी डिसेंबर १९९३ मध्ये आईलाच पक्षाच्या सहअध्यक्षपदावरून दूर केले. घराणे आणि पक्ष एकच असले की भाऊबंदकीसुद्धा पक्षाच्या बैठकीत मिटवावी लागते, त्याचे हे उदाहरण. २० सप्टेंबर १९९६ च्या रात्री क्लिफ्टन भागातल्या वडिलोपार्जित घराजवळ पोलिसांच्या गोळीबारात मुर्तझा मारला गेला. बहीण पंतप्रधान असताना, तिच्याच राज्यातल्या पोलिसांकडून. बेनझीर रात्रीच रुग्णालयात अनवाणी धावत गेल्या. हत्येचा संशय झरदारींवर घेतला गेला, खटला चालला, ते त्यातून सुटले. दीड महिन्याने, ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, त्याच विश्वासू लेघारींनी त्याच कलमाखाली त्यांचे सरकार बरखास्त केले. फेब्रुवारी १९९७ च्या निवडणुकीत पक्षाला फक्त १८ जागा मिळाल्या, त्याही सगळ्या सिंधमधल्या.

भ्रष्टाचाराचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. १९९९ मध्ये लाहोरच्या न्यायालयाने पती-पत्नींना दोषी ठरवले. न्यायाधीश पक्षपाती होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो निकाल रद्द केला. स्वित्झर्लंडमध्ये २००३ साली काळा पैसा फिरवल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध निर्णय झाला, त्यावर अपील झाले आणि पुढे प्रकरण बंद पडले. झरदारी एकूण अकरा वर्षे तुरुंगात राहिले, पण एकही शिक्षा टिकली नाही. खटले सूडाने भरले गेले होते आणि आरोपांत तथ्यही होते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि जनतेची साधारण समजूतही तीच होती.

दुबई आणि लंडन इथल्या आठेक वर्षांच्या वनवासात त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. मे २००६ मध्ये लंडनला नवाझ शरीफ यांच्याबरोबर लोकशाहीच्या सनदेवर सही केली : एकमेकांचे सरकार पाडण्यासाठी पुन्हा लष्कराच्या दारी जायचे नाही. पुढच्याच वर्षी मात्र परतण्यासाठी त्यांनी जनरल परवेझ मुशर्रफ यांच्याशी स्वतंत्र वाटाघाटी केल्या आणि ऑक्टोबर २००७ मध्ये खटले मागे घेणारा वटहुकूम निघाला. १८ ऑक्टोबरला त्या कराचीत उतरल्या. त्याच रात्री मिरवणुकीत झालेल्या स्फोटांत शंभराहून अधिक माणसे गेली. त्या मागे फिरल्या नाहीत. २७ डिसेंबरला रावळपिंडीच्या लियाकत बागेत, जिथे १९५१ मध्ये पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अली खान मारले गेले होते, सभा आटोपून निघताना लोकांना हात दाखवण्यासाठी त्या गाडीच्या छतातून उभ्या राहिल्या. गोळ्या झाडल्या गेल्या आणि लगोलग स्फोट झाला. पुढच्या सुमारे दोन तासांत ती जागा पाण्याचे फवारे मारून धुऊन काढण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१० मध्ये या धुण्यावर आणि शवविच्छेदन न करण्यावर कडक ठपका ठेवला. कट कोणाचा, हे आजवर कोणत्याही न्यायालयात निश्चित झालेले नाही.

तिसऱ्या दिवशी पक्षाची बैठक झाली. बेनझीर यांच्या मृत्युपत्रात पुढचे नेतृत्व पतीकडे सोपवले होते. झरदारींनी ते एकोणीस वर्षांच्या बिलावलच्या नावावर केले, आणि त्याच दिवशी तो बिलावल झरदारीचा बिलावल भुट्टो झरदारी झाला. चाळीस वर्षांच्या पक्षात अध्यक्षपदासाठी मतदान घेण्याचा विचार कोणी मांडला नाही. तरीही बेनझीर जिवंत असताना जे करू शकल्या नाहीत, ते पुढच्या पाच वर्षांत झाले. झरदारी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि एप्रिल २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने, राष्ट्राध्यक्षपद स्वतःकडे असताना, संसद बरखास्तीचा अधिकार काढून टाकला गेला. २०१३ मध्ये पाकिस्तानात प्रथमच एका निवडून आलेल्या सरकारने मुदत पूर्ण करून दुसऱ्या निवडून आलेल्या सरकारकडे कारभार सोपवला.

बिलावल मे २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आले. पाकिस्तानी परराष्ट्रमंत्र्याची ती बारा वर्षांतली पहिली भारतभेट होती. पोलिओचा तो डोस घेतलेली आसिफा २०२४ मध्ये संसदेवर बिनविरोध निवडून आली, आणि तीही जुन्या नवाबशाहमधून, म्हणजे आज जो जिल्हा शहीद बेनझीराबाद या नावाने ओळखला जातो तिथून. त्याच वर्षी ६ मार्च रोजी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, झरदारींनी २०११ मध्ये विचारलेल्या प्रश्नावर एकमताने उत्तर दिले : झुल्फिकार अली भुट्टो यांना न्याय्य खटला मिळाला नव्हता. बिलावल त्या वेळी न्यायालयात होते. फाशीला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती.